गोळी एक, आत औषधं तीन

वाचकाचं पत्र

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. आम्ही कराड तालुक्यात राहतो. अण्णांना बरीच वर्षं शुगर आहे. अलीकडे पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि शुगरही वाढलेली निघाली, म्हणून नवीन डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. ती रोज सकाळी नाश्त्याला एक घ्यायची. गोळी मोठी आहे, गिळताना अडकते, म्हणून सासूबाई ती कुटून पाण्यातून देतात. जुन्या गोळ्यांची चार पाकिटं घरात शिल्लक होती. ती वाया जाऊ नयेत म्हणून रात्री जेवताना त्यातली एक चालू ठेवली.

परवाच्या एकादशीला अण्णांनी सकाळी गोळी घेतली, थोडी खिचडी खाल्ली आणि शेतावर गेले. दुपारी फक्त चहा झाला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं तुटक आणि भलतंच झालं. आम्ही साखरपाणी पाजलं, पण अर्धा तास काहीच फरक पडला नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ४८ होती. सलाइन लावल्यावर बरं वाटलं आणि रात्रीच घरी आलो.

आता अण्णा म्हणतात, मला गोळीच नको. सासूबाई म्हणतात, कारल्याचा रस सुरू करू. शेजारी सांगतात की या गोळ्यांनी किडनी जाते. दोन्ही पाकिटांच्या मागचं उतरवून पाठवते. नवीन: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम एसआर, व्होग्लिबोज ०.२ मिलिग्रॅम. जुनी: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. आम्ही काय करावं?

उत्तर

ताई, पाकिटामागचा मजकूर उतरवून पाठवलात, त्यामुळे अण्णांना त्या संध्याकाळी काय झालं ते मला जवळजवळ पूर्ण सांगता येईल. त्याआधी एक काम करा. जुनी पाकिटं आत्ता उचलून बाजूला ठेवा, कुणाच्याही हाताला लागणार नाहीत अशी. आणि पुढची गोळी देण्यापूर्वी नव्या डॉक्टरांना फोन करून तीन गोष्टी सांगा: जुनी गोळीही चालू होती, नवी गोळी कुटून दिली जात होती, आणि एकादशीला शुगर ४८ झाली. डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांना हे कळल्याशिवाय पुढचा डोस कुणीच ठरवू शकत नाही, अण्णांनीही नाही आणि मीही नाही.

अण्णांच्या नव्या गोळीत तीन औषधं आहेत आणि तिघांचे नियम वेगवेगळे आहेत. घरात मात्र आपण सगळ्यांनाच 'शुगरची गोळी' म्हणतो. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. समोर जेवण आहे की नाही हे ते बघत नाही. एकदा पोटात गेलं की साधारण दिवसभर त्याचं काम चालू राहतं. म्हणून ही गोळी घड्याळाकडे बघून नव्हे, ताटाकडे बघून घ्यायची असते. नाश्ता समोर आला की गोळी. नाश्ता नसेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. शुगर धोकादायक खाली आणण्याची ताकद या तिघांत मुख्यतः याच औषधात आहे.

मेटफॉर्मिनची तऱ्हा निराळी. आपलं यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं, ते काम मेटफॉर्मिन कमी करतं आणि शरीराला आहे तेच इन्शुलिन नीट वापरायला मदत करतं. एकटं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा फार उतरत नाही. त्याचा त्रास पोटाला होतो: मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. जेवणाबरोबर घेतलं की तो बराच कमी होतो. व्होग्लिबोज आतड्यात काम करतं. भात, भाकरी, साखर यांचं ग्लुकोजमध्ये रूपांतर करणारी पाचकद्रव्यं ते अडवतं, म्हणून जेवणानंतर शुगर एकदम उसळत नाही. त्यामुळे पोटात गुडगुड होते, वारा सरतो.

आता हिशेब बघा. डॉक्टरांनी अण्णांना दिवसाला २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड दिलं होतं. रात्रीच्या जुन्या गोळीमुळे ते ४ झालं. दशमीच्या रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल संपलेला नव्हता, तोवर एकादशीच्या सकाळी दुसरी गेली. पोटात थोडी खिचडी, वर शेतातली मेहनत, दुपारी नुसता चहा. पाच वाजता शुगर ४८ झाली नसती तरच नवल. यात सासूबाईंचा दोष मला दिसत नाही. चांगलं औषध वाया जाऊ नये असं वाटणं साहजिक आहे. गोळी बदलताना 'जुनी पूर्ण बंद करा, आणि घरात काय शिल्लक आहे ते मला दाखवा' एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

साखरपाणी का लागू पडलं नाही, हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. आपली रोजची साखर रक्तात तशीच जात नाही. आतड्यात तिचे दोन तुकडे व्हावे लागतात, आणि ते तुकडे करणारं पाचकद्रव्य व्होग्लिबोजने अडवलेलं असतं. तुम्ही दिलेली साखर पोटात गेली, पण पुढे सरकायला तिला खूप वेळ लागला. गूळ, पेढा, बिस्किटं, सरबत यांचंही तेच. व्होग्लिबोज किंवा त्याच्याच जातीचं अकार्बोज घेणाऱ्या माणसाची शुगर उतरली तर तयार ग्लुकोजच द्यावं लागतं. मेडिकलमध्ये ग्लुकोज पावडर मिळते. बिनाचवीची साधी घ्या, कारण संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चवीच्या पावडरीत साधी साखर मिसळलेली असते. एक डबा घरात, एक पुडी अण्णांच्या खिशात आणि एक शेतावरच्या खोपीत ठेवा.

मोजून शुगर ७० च्या खाली आली तर, किंवा मीटर हाताशी नसेल आणि घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर, तीन भरलेले चहाचे चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. शुगर वर आली की लगेच काहीतरी खायला द्या. ग्लुकोज नसेल आणि घरात चांगला मध असेल तर तो द्या, त्यात ग्लुकोज तयार असतं. माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नको. ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आणि हो, त्या रात्री तुम्ही लगेच घरी आलात, ते पुन्हा करू नका. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर ग्लुकोजच्या सलाइनने वर येते, पण औषध अंगात असेपर्यंत ती पुन्हा घसरू शकते. वय जास्त असेल किंवा किडनी थोडी मंद असेल तर हा धोका अधिक लांबतो. निदान चोवीस तास शुगर वारंवार तपासली गेली पाहिजे आणि शक्य असेल तर दवाखान्यातच राहावं. डॉक्टर 'थांबा' म्हणाले तर थांबा. ते म्हणाले नाहीत तर तुम्ही विचारा.

सासूबाईंना आणखी एक विचारा. गेल्या काही आठवड्यांत अण्णा पहाटे घामाने भिजून उठले होते का? भलती स्वप्नं, झोपेत बडबड, सकाळी उठताच डोकं दुखणं, असं काही होतं का? रात्रीच्या जास्तीच्या गोळीने शुगर झोपेत उतरत असेल तर ती अशीच कळते. घरचे ते वयावर ढकलतात. असं होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आता कुटण्याबद्दल. मेटफॉर्मिनपुढे 'एसआर' लिहिलेलं आहे. म्हणजे ते औषध गोळीतून तासन् तास हळूहळू सुटावं अशी तिची बांधणी असते. कुटल्यावर ती बांधणी मोडते आणि सगळं औषध एकदम पोटात उतरतं. 'ईआर', 'एक्सआर' किंवा 'पीआर' लिहिलेल्या गोळ्यांचंही तेच. त्या कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, आणि डॉक्टर किंवा फार्मासिस्ट 'चालेल' म्हणाल्याशिवाय अर्ध्याही करायच्या नाहीत. (कधी कधी अशा गोळीचं रिकामं कवच शौचातून पडलेलं दिसतं आणि माणसं घाबरतात. औषध आत उतरलेलं असतं, फक्त सांगाडा बाहेर पडतो.) गिळायला त्रास होतो ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ते औषधं सुटी, लहान गोळ्यांत देऊ शकतात, किंवा साधं मेटफॉर्मिन दोन वेळा विभागून देऊ शकतात. मिश्रण गोळी सोय म्हणून असते. एकाला ती सोयीची पडत नसेल तर सुटी औषधं घेण्यात काहीच कमीपणा नाही. उलट अण्णांच्या वयाला मला ते जास्त बरं वाटतं, कारण तिघांपैकी एकाचाच डोस कमी करायचा झाला तर सुट्या गोळ्यांत तो करता येतो.

किडनीबद्दल शेजारी जे सांगतात ते गावोगावी ऐकू येतं, आणि या भीतीपोटी औषध सोडून खरोखर किडनी गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेटफॉर्मिन १९५७ पासून माणसांना दिलं जातंय. ते किडनी खराब करत नाही. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि न आवरलेलं ब्लड प्रेशर. हा आळ मेटफॉर्मिनवर येतो कारण ते शरीराबाहेर किडनीवाटेच पडतं. किडनी आधीच मंदावली असेल तर ते अंगात साठतं, आणि क्वचित रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासून 'ईजीएफआर' नावाचा आकडा काढतात. किडनी रक्त किती गाळते ते त्यावरून कळतं. तो ४५ च्या खाली गेला की मेटफॉर्मिनचा डोस कमी करायचा विचार होतो आणि ३० च्या खाली गेला की ते बंद करतात. किडनी बिघडली म्हणून मेटफॉर्मिन थांबवलं जातं, आणि बघणाऱ्यांना वाटतं की मेटफॉर्मिनने किडनी बिघडली. अण्णांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) निदान वर्षातून एकदा तपासलेलं असायला हवं. शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. सापडत नसेल तर याच वेळी करून घ्या.

किडनीला खरा धोका घरातल्या दुसऱ्याच डब्यात असू शकतो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. अण्णा तसलं काही घेत असतील तर तेही डॉक्टरांपुढे ठेवा.

पायांच्या मुंग्यांबद्दल. शुगरमुळे मज्जातंतूंना इजा होऊन मुंग्या येतात हे खरंच. पण मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि त्यानेही अगदी अशाच मुंग्या येतात, थकवा येतो, तोल जातो. एकादशी पाळणारे अण्णा माळकरी असतील, मांस-मच्छी-अंडं खात नसतील, तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते, कारण दूध-दही सोडलं तर शाकाहारात बी-१२ फारसं नसतं. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं आणि गोळ्या किंवा इंजेक्शनने भरून काढता येतं. मुंग्या आल्या म्हणून शुगरची औषधं वाढवत न्यायची आणि बी-१२ कडे कुणी बघायचंच नाही, असं होऊ नये.

उपवासाचं काय? एकादशी सोडा असं मी अण्णांना सांगणार नाही. ज्यांनी आयुष्यभर हे व्रत सांभाळलं त्यांच्याकडून ते काढून घेणं बरोबर नाही, आणि सांगितलं तरी ते ऐकणार नाहीत, मग लपवून करतील, ते जास्त वाईट. पण नेहमीची गोळी घ्यायची आणि नेहमीचं जेवण टाळायचं, हे एकत्र चालणार नाही. आपले उपवासाचे पदार्थही शुगरच्या दृष्टीने साधे नाहीत. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शुगर आधी भरकन चढते आणि पुढे बरेच तास काही खाल्लं नाही की ग्लिमेपिराइड तिला खाली ओढतं. त्यापेक्षा भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, ताक असं थोडं थोडं, पण तीन-चार तासांच्या अंतराने खावं. एकादशीच्या चार-पाच दिवस आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरता ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा की गाळायचा, ते कागदावर लिहून घ्यावं. अण्णांची गोळी मिश्रण असल्यामुळे 'त्यातलं एकच नको' हे घरी करता येत नाही. सुट्या गोळ्यांचा आग्रह धरायला हे दुसरं कारण. त्या दिवशी मीटरवर दुपारी आणि संध्याकाळी तपासायचं, आणि ७० च्या खाली आकडा दिसला की त्याच क्षणी उपवास सोडायचा. निर्जळी उपवास मात्र अण्णांनी आता करू नये. येत्या आषाढीला चालत जायचा बेत असेल तर तेही डॉक्टरांशी आधी बोला.

उपवासाला जो नियम तोच आजारपणाला. उलट्या-जुलाब, ताप, अन्न जात नाही, पाणी टिकत नाही, अशा दिवशी नेहमीची गोळी गुपचूप देऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात मेटफॉर्मिनही त्रास देऊ शकतं. त्याच दिवशी फोन करून काय थांबवायचं ते विचारा. शिरेतून औषध सोडून करायचं सिटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली, तरी मेटफॉर्मिन चालू आहे हे आधी सांगा. काहींना ते दोन दिवस थांबवावं लागतं.

कारल्याचा रस. जेवणात कारल्याची भाजी खुशाल खा. पण तो रस या गोळ्यांची जागा घेणार नाही, आणि गोळ्यांच्या जोडीला रोज घेतला तर शुगर आणखी खाली जाऊ शकते. ज्यांची शुगर नुकतीच ४८ झाली होती त्यांच्यावर हा प्रयोग नको. बाजारात, जत्रेत विकल्या जाणाऱ्या नावगाव नसलेल्या शुगरच्या पुड्यांपासून तर लांबच राहा. अशा पुड्यांत कधी कधी शुगरची अॅलोपॅथीची गोळीच दळून घातलेली आढळली आहे.

बाकीची औषधंही एकदा तपासून घ्या. बीपी किंवा हृदयासाठी अण्णांना अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी असेल तर शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम तेवढा येतो. अशा माणसाच्या बाबतीत घामालाच इशारा समजायचं. गजकर्णासाठी सर्रास दिली जाणारी फ्लुकोनॅझोलची गोळी ग्लिमेपिराइडचा अंमल वाढवते. काही अँटिबायोटिक्सही वाढवतात. रिकाम्या पोटी दारू हीसुद्धा शुगर उतरवते. त्वचेच्या, दाताच्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी शुगरच्या गोळीचं पाकीट सोबत न्या.

पाकीट म्हटलं म्हणजे मागची बाजू. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, त्यावरून औषध कळत नाही. एकाच नावाच्या शेपटीला एम, जी, व्ही, १, २ असं काहीबाही जोडून अनेक गोळ्या निघतात. 'फोर्ट' लिहिलेल्या गोळीत बहुतेक वेळा मेटफॉर्मिन ५०० ऐवजी १००० असतं. दुकानदाराने 'ही नाही, पण तीच आहे' म्हणून दुसरी कंपनी दिली, तर मागे लिहिलेली औषधांची नावं आणि प्रत्येकापुढचा मिलिग्रॅमचा आकडा जुन्या पाकिटाशी जुळवून बघा. सगळं जुळलं तर कंपनी बदलली तरी औषध तेच, जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळीही चालेल. एक जरी आकडा वेगळा असेल तरी घेऊ नका. आणि सकाळची गोळी राहून गेली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, कधीच नाही.

राहिला अण्णांचा नकार. त्यांना त्या संध्याकाळची भीती बसली आहे आणि ती खोटी नाही. शुगर ४८ झाली की माणसाला आपण जातोय असंच वाटतं. त्यांना 'काही होत नाही' असं सांगू नका. काय झालं, कशामुळे झालं आणि आता ते का होणार नाही, हे समोर बसून सांगा. डॉक्टरांकडे त्यांना स्वतःला न्या, सासूबाईंनाही न्या, कारण गोळी त्यांच्या हातून दिली जाते. दोन्ही पाकिटं, दवाखान्याचा कागद, मीटरवरच्या आकड्यांची वही सोबत असू द्या.

आणि तिथे एक प्रश्न आवर्जून विचारा: अण्णांना ग्लिमेपिराइड लागतंच का? सत्तरी ओलांडलेल्या, उपवास करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, तरुणांसारखी सातच्या आत रेटायची गरज सहसा नसते. साडेसात ते आठपर्यंत असेल आणि शुगर उतरत नसेल तर ते अनेकदा अधिक सुरक्षित असतं. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन अशी औषधं आहेत, जी शुगर वाढलेली असेल तेव्हाच मुख्यतः काम करतात आणि ग्लिमेपिराइडसारखी ती एकदम खाली पाडत नाहीत. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ते स्वस्तही झालं आहे. अण्णांना ते चालेल की नाही हे किडनीचा रिपोर्ट आणि त्यांची बाकीची तब्येत पाहून डॉक्टर ठरवतील. काही रुग्णांना ग्लिमेपिराइड खरंच लागतं, मग निदान डोस कमी करता येतो का ते बघता येईल. डॉक्टर काय म्हणाले आणि रिपोर्टमध्ये काय आलं ते मला जरूर कळवा.